पेस्टो? अहो, ठेचाच की!

मेनूकार्डवर ‘पेस्टो’ वाचलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं : हिरवागार बेसिल सॉस. पण गंमत बघा, या नावात बेसिल कुठेच नाही. हिरवा रंग नाही, चीजही नाही. इटालियनमध्ये ‘पेस्तारे’ म्हणजे कुटणं. त्यावरून पेस्टो, म्हणजे कुटलेलं. थोडक्यात, ठेचा! आपणही नाव मिरचीवरून नाही, ठेचण्यावरूनच ठेवलंय ना?

नातं याहून जुनं आहे. ‘पेस्तारे’च्या मुळाशी असलेला लॅटिन ‘पिन्सेरे’ आणि संस्कृतातला ‘पिष्’ हे धातू एकाच घराण्यातले. ‘पिष्’वरून पिष्ट, आणि पिष्टचं मराठीत झालं पीठ. म्हणजे तो महागडा पेस्टो आणि डब्यातलं ज्वारीचं पीठ चक्क भाऊबंद!

पेस्टोचं माहेर इटलीतलं जेनोआ. संगमरवरी खल, लाकडी बत्ता. त्यात लसूण, मीठ, पाइन नट्स, बेसिल, मग पार्मेजान, पेकोरिनो आणि ऑलिव्ह ऑइल. ‘हाच खरा’ म्हणून तिथले लोक हमरीतुमरीवर येतात. पण १८६० च्या दशकातलं रात्तो यांचं ‘ला कुचिनिएरा जेनोवेझे’ हे जेनोआचंच पाकपुस्तक काय सांगतं? पार्मेजानच्या जोडीला डच चीज घाला, थोडं लोणी घाला, आणि बेसिल नसेल तर मार्जोरम-पार्सली घ्या! तिकडे सिसिलीत त्रापानीचे लोक बदाम आणि टोमॅटो कुटतात. फ्रान्समधल्या प्रोव्हान्सात पाइन नट्सना सुट्टी, आणि नाव ‘पिस्तू’. अर्थ तोच, कुटलेलं.

तेव्हा कोथिंबीर-शेंगदाण्याच्या पेस्टोला कुणी नाक मुरडलं तर खुशाल दुर्लक्ष करा. नाव तुमच्या बाजूनं आहे. (बेसिलचाच हट्ट असेल तर फालुद्यातला सब्जा आठवा. तेही बेसिलचंच बी!) नावाशी खरी बेइमानी करतो तो मिक्सर. पातं पानं कापतं, वर तापतं, आणि रंग काळवंडतो. बत्त्याखाली पानं चिरडली जातात, त्यांचा सुगंधी अर्क तेलात उतरतो. जेनोआत २००७ साली सुरू झालेल्या पेस्टोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये म्हणूनच सगळे खल-बत्ता घेऊन बसतात.

मिक्सरशिवाय गत्यंतर नसेल तर निदान भांडं फ्रीजमध्ये गार करा आणि थांबून थांबून फिरवा. आणि प्लीज, पेस्टो पॅनमध्ये परतू नका. पास्ता गॅसवरून उतरवायचा, त्यातलंच चमचाभर गरम पाणी पेस्टोत घालायचं आणि सरळ कालवायचं.