शब्दांची पारख : एक ‘जिन’, अर्थ अनेक

‘जिन’ हा शब्द इंग्रजी आहे असे सांगितले तर आपल्या वऱ्हाडात पुष्कळांना पटणार नाही. “गाडी जिनात लावली”, “जिन सुरू झालं का बावा?” असे अकोला-अमरावतीकडची म्हातारी माणसेही सहज बोलतात. पण शब्द मूळचा आपला नव्हे. ‘एंजिन’ या शब्दाचे डोके गळाले आणि ‘जिन’ उरले. एंजिन म्हणजे मुळात युक्ती, आणि मग युक्तीने केलेले यंत्र.

अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९३ साली रुईपासून सरकी वेगळी करणारे यंत्र बनवले. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून हाताने फिरवायची लाकडी चरखी होतीच. १८६७ साली आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, कापसाचा व्यापार वाढला आणि यंत्राबरोबर त्याचे नावही इथे रुजले. आज १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. म्हणजे १७० किलोच्या एका गाठीला जवळजवळ ५ क्विंटल कापूस लागतो. हा हिशेब प्रत्येक घरात पाठ असावा.

याच उच्चाराचे दुसरेही शब्द आहेत. ‘जिन’ नावाची एक विलायती दारू आहे. तिचे नाव ज्युनिपर नावाच्या झाडाच्या फळावरून आले; कापसाच्या जिनाशी तिचे काही नाते नाही. घोड्याच्या पाठीवर घालतात ते जीन, म्हणजे खोगीर, हा शब्द फारसीतला. पोरांच्या पँटीचे जीन कापड इटलीतल्या जिनोआ शहराच्या नावाचे. जुन्या इंग्रजीत जनावर धरण्याच्या सापळ्यालाही ‘जिन’ म्हणत. तो मात्र एंजिनाच्याच घरातला, कारण सापळा हीही युक्तीच.

आणि आता बियाण्यातला ‘जीन’. हा शब्द १९०९ साली डेन्मार्कचे शास्त्रज्ञ योहान्सन यांनी रूढ केला. इंग्रजीत त्याची अक्षरे निराळी, पण आपल्या तोंडी दोन्ही सारखेच. मराठीत त्याला ‘जनुक’ म्हणतात. काही जण ‘गुणसूत्र’ म्हणतात, ते बरोबर नाही. गुणसूत्र ही माळ धरली, तर जनुक हा तिच्यातला एक मणी. आईबापाचे गुण लेकरात उतरतात ते या जनुकांमार्फत.

ही पारख करायचे कारण असे की, या शब्दाच्या घोळात शेतकऱ्याचा पैसा जातो. “यात जीन आहे, आता फवारणीची काळजी नाही,” असे ऐकून पुष्कळांनी पिशव्या घेतल्या. बीटी कापसाला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. त्यात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेले होते. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. ही जनुके बोंडअळीसाठी आहेत. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांचे त्यांनी काही बिघडत नाही. शिवाय गुलाबी बोंडअळी या दोन्ही जनुकांना पचवू लागली. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या कितीतरी शेतांत वरून चांगली दिसणारी बोंडे आतून किडकी निघाली.

इथे दोन्ही ‘जिन’ एकत्र येतात. ही अळी सरकीत दडून राहते. कापसाबरोबर ती घरात येते, घरातून कारखान्याच्या जिनात जाते आणि तिथल्या ढिगातून पतंग होऊन पुन्हा शेताकडे निघते. म्हणून जिनाच्या आवारात आणि कापूस साठवलेल्या जागी कामगंध सापळे लावायचे असतात. जुन्या इंग्रजीत बोलायचे तर जिनातच जिन लावायचा!

आपल्या हातात आहे ते आपण करावे. फरदड घेऊ नये. वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून तिचा बारीक भुगा करावा. बांधावर रचून ठेवू नये. कापूस उन्हाळाभर घरात कोंडून ठेवू नये. फुले लागली की शेतात फिरून डोमकळ्या शोधाव्या, तोडून नष्ट कराव्या. संकरित कापसाची सरकी जिनातून आणून बियाणे म्हणून पेरू नये. तिच्यात मूळ वाणाचे गुण सारखे उतरत नाहीत.

पेरणीआधी बियाण्याची पिशवी घरात आली की शिकत्या मुलीकडून किंवा मुलाकडून तिच्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा. ‘जीन’ हा शब्द आला की दुकानदाराला दोन प्रश्न विचारावे : कोणत्या किडीसाठी, आणि कोणत्या किडीसाठी नाही? उत्तर नीट मिळाले तरच ती पिशवी शेतात न्यावी, आणि पक्की पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवावी.