पायथॉनच्या दारात

परवा संध्याकाळी शेजारची पोरगी लॅपटॉप घेऊन आली. वडील इथल्याच राइस मिलमध्ये हमाली करतात. दहावीपर्यंत मराठी शाळा, यंदा गोंदियाला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. "गुरुजी, हे का म्हणते जी?" पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळ. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, वय पंचाहत्तर. मला त्यातलं काय कळणार? पण शब्द लावून वाचलं. कंस उघडला होता, मिटवला नव्हता. एवढंच!

पोरगी मात्र रडवेली. "मले नाही जमत जी. तिथं लिहूनच आहे, नव्या लोकाईले सोपी जाते म्हणून."

कुठे लिहिलंय, दाखव म्हटलं. तिने पायथॉनचं संकेतस्थळ उघडलं. खरंच होतं. दुसरी भाषा जाणणाऱ्यांना पायथॉन चटकन येते आणि नवशिक्यांनाही तिची स्वच्छ 'सिंटॅक्स' आणि 'इंडेंटेशन' सोपी वाटते, अशा अर्थाचं वाक्य. आता हे दोन शब्द ज्याला कळतात तो नवशिका कसला? (इंडेंटेशन म्हणजे ओळ आत सरकवून लिहिणं, हे मला तिनेच सांगितलं.)

पण मला खुपला तो 'सोपी' हा शब्द. मंडळी, हा गुन्हा मी स्वतः केलेला आहे. सालेकसा तालुक्यात नोकरीला होतो तेव्हा घरी गोंडी, पोवारी बोलणारी मुलं वर्गात असायची. फळ्यावर वजाबाकी लिहून मी म्हणायचो, "सोप्पं तर आहे!" एकदा एका मुलाचा वर आलेला हात हे ऐकून खाली गेला. वर्षभर परत वर आला नाही. सोप्या गोष्टीत अडणारा तो मूर्ख, हे त्याला मीच सांगितलं होतं. 'पहिल्यांदा सगळेच इथे अडतात' म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं?

गंमत म्हणजे ही भाषा स्वतः आपल्या संकेतस्थळापेक्षा शहाणी निघाली. पूर्वी असा कंस राहिला की ती 'रचना चुकली' छापाचं काहीतरी मोघम बोलायची. २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून 'हा कंस मिटलाच नाही' असं नेमकं सांगते. वहीवर लाल फुली मारणं वेगळं आणि 'इथे अनुस्वार राहिला' लिहिणं वेगळं.

त्याच पहिल्या पानावर नमुन्याचा प्रोग्राम आहे, फिबोनाचीच्या आकड्यांचा. नाव ऐकूनच पोरगी दचकली. मी म्हटलं, थांब. एक मात्रेचा लघू, दोन मात्रांचा गुरू. चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरशील? बोटांवर मोजून म्हणाली, पाच. पाच मात्रांची? आठ. सहाची? तेरा. पडद्यावरही तेच आकडे! आपल्या छंदशास्त्रात ते हेमचंद्राने बाराव्या शतकात सांगितले, फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. मराठी शिकलेल्या पोरीला आत यायला हे दार आहे, पण ते उघडून ठेवायला कुणीतरी हवं ना.

मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात ते करतात. आवाज मराठीत, पडदा इंग्रजीतच. आणि धडा रेकॉर्ड करण्याआधी त्याची संहिता एखाद्या नवख्या माणसाकडून करून बघतात. तो जिथे अडेल तिथे संहिता बदलायची, माणूस नाही. पायथॉनवाल्यांनीही पहिलं पान असंच एखाद्या कोऱ्या पोराच्या मागे बसून लिहावं असं मला वाटतं. जाणत्यांसाठी बाकीची पानं आहेतच की.

असो. जाताना तिने एक करून बघितलं. int("७५") असं देवनागरीत माझं वय लिहिलं, आणि पायथॉनने ते ओळखून इंग्रजी आकड्यात परत दिलं! "याले आपले आकडे समजते जी!" म्हणून हसली.

विषय बदलायचा अर्ज तिने भरून ठेवलाय. द्यायची मुदत शनिवारपर्यंत आहे.