धरणाच्या पायथ्याशी

धरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीमागचा अथांग जलाशय उभा राहतो. सहलीस गेलेली मंडळी त्याच बाजूला तोंड करून उभी राहतात आणि मनुष्याच्या कर्तृत्वाचे कौतुक करतात. भिंतीच्या दुसऱ्या अंगास, खाली पायथ्याशी, नदीचे काय होते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वाचकहो, आज आपण त्या बाजूला उतरू या, आणि वाटाड्या म्हणून एका माशाला बरोबर घेऊ या.

हा मासा आपल्या नद्यांतला नव्हे. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरे, सेंट लॉरेन्स, ओहायो, टेनेसी अशा जलप्रदेशांचा तो मूळ रहिवासी. त्याचे नाव स्मॉलमाउथ बास, म्हणजे लहान तोंडाचा बास. त्याच्या मोठ्या तोंडाच्या भाऊबंदाचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. याचा जबडा डोळ्यापाशीच थांबतो. अंगाचा रंग जुन्या काशाच्या भांड्यासारखा, त्यावर काळपट उभे पट्टे, आणि डोळ्यांत तांबूस झाक. शास्त्रीय नावातही एक गंमत आहे. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्या नमुन्यावरून त्याचे नामकरण केले, त्याचा पाठीवरचा पर मोडलेला होता. त्यामुळे ‘लहान पराचा’ अशा अर्थाचे नाव या धडधाकट माशाला कायमचे चिकटले! गळाला लागल्यावर तो ज्या त्वेषाने झुंजतो, पाण्याबाहेर उसळ्या घेतो, त्यामुळे तिकडील गळकरी मंडळी त्याच्यावर लुब्ध आहेत. जेम्स हेन्शॉल नावाच्या एका डॉक्टराने १८८१ साली या बास कुळावर एक सबंध ग्रंथच लिहिला.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, फ्लोरेन्स नगराजवळ, टेनेसी नदीवर विल्सन धरण आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी लागणारी नायट्रेटे बनविण्याकरिता वीज हवी, म्हणून १९१८ साली त्याचे काम सुरू झाले. पुरे झाले ते १९२४ साली, युद्ध संपून सहा वर्षे लोटल्यावर. लांबी साडेचार हजार फुटांहून अधिक, उंची १३७ फूट. १९३३ साली ते टेनेसी खोऱ्याच्या सरकारी प्राधिकरणाकडे आले. त्याच्या वरच्या अंगास व्हीलर धरण १९३६ साली आणि खालच्या अंगास पिकविक धरण १९३८ साली पुरे झाले. येथे पूर्वी सुमारे ३७ मैलांचा खळाळता, खडकाळ प्रवाह होता व त्यात शिंपल्यांच्या साठाहून अधिक जाती नांदत होत्या. त्यांतील पुष्कळशा जलाशयाखाली गाडल्या जाऊन तेथून नाहीशा झाल्या. बास मात्र तगला. नदीचा थोडासा वाहता भाग उरला तो धरणांच्या पायथ्याशी, आणि तेथेच त्याने आपले बस्तान बसविले. अलाबामा राज्यात नोंदला गेलेला सर्वांत मोठा स्मॉलमाउथ बास, वजन १० पौंड ८ औंस, १९५० साली मिळाला तो व्हीलर धरणाच्या पायथ्याशीच.

याचे कारण समजण्यासारखे आहे. टर्बाइनांतून पाणी सुटते तेव्हा त्याबरोबर वरच्या जलाशयातील लहान मासेही खाली येतात. कित्येक जखमी होतात, कित्येक भोवंडलेले असतात. बासला आयते ताट वाढून मिळते. पण तो धारेच्या तोंडी झुंजत बसत नाही. एखाद्या मोठ्या धोंड्याच्या आडोशास, जेथे वेगवान धार आणि संथ पाणी यांची शिवण पडते तेथे, प्रवाहाकडे तोंड करून तो स्थिर राहतो आणि वाहत आलेला घास टिपून पुन्हा जागेवर येतो. म्हणून जाणता गळकरी आपली होडी प्रवाहाबरोबर सोडून देतो, जिवंत लहान मासा किंवा क्रेफिशच्या आकाराचे कृत्रिम आमिष बेताच्या वजनाने तळालगत वाहू देतो, आणि दोरीवर बोट ठेवून तळाच्या प्रत्येक दगडाची ओळख करून घेतो. पाणी बंद असेल त्या वेळी बास पांगतो व सुस्तावतो. पाणी सुटले की पुन्हा आपल्या ठाण्यावर येतो. तेव्हा गळकऱ्याला आधी पाहावे लागते ते वीजघराचे वेळापत्रक.

आणि येथेच जिवाशी गाठ असते. वीजघरात कोणी कळ दाबतो. त्याला खाली नदीत उभा असलेला माणूस दिसतोच असे नाही. गुडघाभर पाणी पाहता पाहता छातीला लागते. म्हणून अशा ठिकाणी भोंगे व इशाऱ्याचे दिवे लावलेले असतात, आणि अलाबामात जलविद्युत धरणाखालच्या ८०० फुटांच्या टापूत होडीतील प्रत्येकाने तरंगते जाकीट अंगात घातलेच पाहिजे, असा कायदा आहे. आपल्याकडेही धरणातून विसर्ग होण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. तो ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्या तरुणांना वडीलधाऱ्यांनी हाताला धरून काठावर आणावे, एवढेच येथे सांगतो.

माणसाला भोंगा ऐकू येतो. माशाच्या घरट्याला कोण इशारा देणार? होय, हा मासा घरटे करतो. वसंत ऋतूत पाण्याचे तापमान सुमारे १५ ते १८ अंश सेल्सिअस झाले की नर काठालगतच्या वाळूगोट्यांच्या जागी शेपटीने तळ झाडून एक उथळ वाटी तयार करतो. मादी अंडी घालून निघून जाते. मागे राहतो तो बाप. तो अंड्यांवर परांनी वारा घालावा तसे पाणी खेळवितो, गाळ बसू देत नाही, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. अंडी फुटल्यावरही काळ्या ठिपक्यांसारख्या पिल्लांच्या घोळक्याभोवती तो कित्येक दिवस पहारा करतो. या सबंध काळात तो फारसे खात नाही. अंगाची चरबी जाळून दिवस काढतो.

आता विचार करा. या दिवसांत त्याच्यापुढे आमिष टाकले तर तो त्यावर तुटून पडतो. गळकऱ्याला वाटते, काय हा भुकेला मासा! परंतु ती झेप बहुतेक भुकेची नसते. घरावर चालून आलेल्या शत्रूला हाकलून लावण्याची ती धडपड असते. बाप गळाला लागून दूर ओढला गेला की टपून बसलेले लहान मासे थोड्याच मिनिटांत घरट्यावर पडतात. त्याला सोडून दिले तरी थकून परतलेल्या बापाला कधी रिकामी वाटी दिसते, तर कधी उरलेल्या थोड्या अंड्यांसाठी झटण्याचे बळच त्याच्यात उरत नाही आणि तो घरटे टाकून जातो. कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या सरोवरांत संशोधकांनी पाण्यात उतरून अशी घरटी मोजली आहेत, त्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले आहे. त्या प्रांतात पुष्कळ ठिकाणी बासची पारध जून महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत बंद असते. आपण मासा सोडून दिला म्हणजे आपल्या हातून काहीच बिघडले नाही, असे म्हणता येत नाही.

धरणाचेही असेच आहे. अंडी असताना एकदम पाणी सोडले तर घरटी वाहून जातात. एकदम बंद केले तर उघडी पडून वाळतात. खोल जलाशयाच्या तळाचे पाणी उन्हाळ्यात थंड व प्राणवायूविना मृतवत झालेले असते. तेच खाली सोडले तर मैलोगणती नदी गुदमरते. टेनेसी खोऱ्यातील कित्येक धरणांखाली हेच घडत होते. १९९१ नंतर तेथील प्राधिकरणाने उपाय हाती घेतले. कोठे जलाशयाच्या तळाशी नळ्या टाकून पाण्यात प्राणवायू सोडला, कोठे टर्बाइनांत हवा खेळविली, कोठे खाली लहान बांध घातले, आणि वीजनिर्मिती बंद असतानाही नदीत किमान पाणी वाहते राहील अशी व्यवस्था केली. धरणे होती तेथेच राहिली, वीजही मिळत राहिली. आणि खालच्या नदीत कीटक व मासे पुन्हा वाढू लागले. त्यासाठी खर्च करावा लागला हे खरे. पण त्याआधी कोणीतरी भिंतीवरून खाली वाकून पाहावे लागले.

मासे धरण्यात मी काही गैर मानीत नाही. कोळ्याच्या कष्टावर कित्येक घरांच्या चुली पेटतात, आणि नदीकाठी शांतपणे बसलेल्या माणसाच्या मनाला विसावाही मिळतो. परंतु कसबी गळकरी आणि सुजाण गळकरी यांत अंतर आहे. मासा कोठे असतो हे कसबी गळकऱ्याला ठाऊक असते. तो तेथे का थांबला आहे हेही सुजाण गळकरी जाणतो, आणि वेळप्रसंगी गळ गुंडाळून घरी जातो. ओल्या हातांनी हलकेच धरून, क्षणभरही अधिक हवेत न ठेवता मोठा मासा पाण्यात सोडणारे गळकरी तिकडे आज पुष्कळ आहेत. दहा-पंधरा वर्षे जगू शकणाऱ्या जिवाची किंमत त्यांना कळलेली असते.

आपल्यापैकी बहुतेकांना टेनेसी नदी कधी दिसणार नाही. पण ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत असा प्रत्येक जण लहानमोठ्या धरणाची कळ हाती धरून बसलेला आहे: घरातील कर्ता पुरुष, शाळेतील शिक्षक, कचेरीतील अधिकारी. त्याच्या रागाचा लोंढा किंवा त्याचा अबोला खाली कोणाच्या घरट्यावर पडतो, हे वरून दिसत नाही. कळ दाबण्यापूर्वी त्याने एकदा खाली वाकून पाहावे.