हिरवळीचा हट्ट आणि यॅरोची मात्रा

गेल्या चैत्रात आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाची सभा झाली. मधल्या उद्यानातील हिरवळ, म्हणजे आजच्या भाषेत लॉन, दर उन्हाळ्यात जळते, तिचे काय करावे हा मुख्य विषय होता. बागेच्या कंत्राटदाराने रंगीत चित्रांचे एक पुस्तक आणले होते. त्यात यॅरो नावाच्या विलायती फुलझाडाचे ताटवे होते आणि हे झाड अवर्षण सोसते, एकदा लावले की वर्षानुवर्षे टिकते, अशी ग्वाही होती. सभेने माना डोलावल्या. मी विरोध केला तेव्हा एका सद्गृहस्थांनी विचारले, "साहेब, पाण्याच्या उधळपट्टीवर बोलणारे तुम्हीच, आणि पाणी वाचवणारे झाड आणले तर आडवे येणारेही तुम्हीच?" प्रश्न रास्त होता. सभेत त्याचे धड उत्तर देता आले नाही; म्हणून हा लेखनप्रपंच.

यॅरो हे काही ऐरेगैरे झाड नव्हे, हे आधीच सांगतो. ते शेवंतीच्या कुळातले आहे. शास्त्रीय नाव अ‍ॅकिलिया मिलेफोलियम. ग्रीक योद्धा अकिलीझ ह्याने ह्याच वनस्पतीने आपल्या सैनिकांच्या जखमांचे रक्त थांबवले अशी कथा आहे, त्यावरून पहिले पद आले. दुसऱ्या पदाचा अर्थ सहस्रपर्णी. पान इतके बारीक चिरलेले की शेपूच्या पाल्याची आठवण व्हावी. जमिनीखालून आडवे खोड पसरवत ते वाढते आणि सरळ दांड्यांवर पांढऱ्या किंवा गुलाबी फुलांचे सपाट झुबके धरते. आपल्या देशालाही ते अगदीच परके नाही. हिमालयात काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत ते आपोआप उगवते आणि युनानी हकिमांच्या औषधांत ते बिरंजासिफ ह्या नावाने आहे. त्याच्या मागण्या थोड्या : भरपूर ऊन, हलकी आणि निचऱ्याची जमीन, दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून वाटणी. खत जास्त झाले तर ते माजते आणि आडवे पडते. ही त्याची खोड मला फार मानवी वाटते.

ते जिथे शोभते तिथे मी ते पाहिलेही आहे. माझी कन्या कॅलिफोर्नियात सान होजे येथे राहते. २०१५ साली तिथे दुष्काळ इतका टोकाला गेला की राज्याच्या गव्हर्नरांनी शहरांचा पाणीवापर २५ टक्क्यांनी घटवण्याचा हुकूम काढला. त्याच हुकुमात पाच कोटी चौरस फूट हिरवळ काढून तिच्या जागी अवर्षणाला तोंड देणारी झाडे लावण्याचे उद्दिष्ट होते. हिरवळ उपटणाऱ्यांना कित्येक पाणीपुरवठा संस्थांनी रोख रक्कम दिली. मुलीनेही अंगणातले गवत काढून यॅरो लावले. ते तिथे उत्तम आहे, कारण ते तिथलेच आहे. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि आपल्या निम्म्याहूनही कमी असतो. उन्हाळा कोरडा खरा, पण रात्री गार. यॅरो हिवाळ्यात भिजते, वसंतात वाढते, फुलते, आणि मग कोरड्या महिन्यांत तग धरते.

आता हेच मोजमाप माळव्याला लावून पाहा. आपल्याकडे वर्षाला सुमारे साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. पारा चाळिशीच्या वर. म्हणजे आपल्या झाडाला दोन परस्परविरुद्ध परीक्षा द्याव्या लागतात : आठ महिने तहान सोसायची आणि चार महिने चिखल. यॅरो पहिल्या परीक्षेला थोडेफार बसेल, दुसरीत हमखास नापास होते. हे ऐकीव नाही. मी स्वतः कार्तिकात बी पेरले होते. बी बारीक असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीवर नुसते भुरभुरले. फाल्गुनापर्यंत रोपे इतकी देखणी झाली की शेजारी पाहायला आले. वैशाखात पानांच्या कडा करपल्या; रोज पाणी घालून ती जगवली. आषाढात पंधरा दिवसांची झड लागली आणि वाफ्यातली झाडून सारी रोपे बुडख्याशी कुजली. पत्र्याखालच्या कुंडीत एक तेवढे राहिले आहे. अजून फुललेले नाही. त्याला मी पाणी घालतो, कारण त्याचा काही दोष नाही.

तथापि माझा खरा वाद यॅरोशी नाही. समजा, उंच वाफे करून, वाळू घालून, पावसाळ्यात वर छप्पर धरून आपण ते जगवले. तरी मूळ प्रश्न तसाच राहतो, कारण आपल्याला झाड बदलायचे आहे, हौस बदलायची नाही. बाराही महिने डोळ्यांपुढे हिरवे हवे, ही ती हौस. ज्या देशांत बाराही महिने थोडाथोडा पाऊस पडतो तिथे तिला काही खर्च नाही. इथे काय खर्च येतो, त्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वैशाखातली हिरवळ जगवायला रोज पाच मिलिमीटर धरा, जे कमीच आहे. तर शंभर चौरस मीटरला दिवसाला पाचशे लिटर झाले. शहरी माणसासाठी शासकीय मानक दरडोई १३५ लिटरचे आहे. म्हणजे जवळजवळ चार माणसांचे पाणी रोज एका चटईएवढ्या गवताला.

आणि हे पाणी येते कुठून? इंदुरातल्या आपल्या घरांतून हे विसरले जावे ह्याचे नवल वाटते. १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी ह्या शहराने आंदोलन केले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पुढे १९७८ साली ते पाणी शहरात आले. जलूदपासून सुमारे सत्तर किलोमीटर, चारशे मीटरांहून अधिक चढ, टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून ते विंध्याच्या माथ्यावर येते. ज्या पिढीने त्या पाण्यासाठी मोर्चे काढले तिच्याच मुलानातवंडांनी ते गवतावर फवारावे?

"आम्ही बोअरचे पाणी वापरतो, नर्मदेचे नव्हे," असे काही जण सांगतात. जणू बोअर त्यांच्या कुंपणाशी येऊन थांबतो. खालचे पाणी सात-बाऱ्यावर कोणाच्या नावे चढलेले नसते.

मी हे सोवळ्यात राहून लिहीत नाही. सेवेत असताना एका जिल्ह्याच्या ठिकाणी ऐन ज्येष्ठात वरिष्ठांचा दौरा ठरला. विश्रामगृहाची हिरवळ पिवळी पडली होती. ती तीन दिवसांत हिरवी दिसावी म्हणून टँकर लावण्याच्या टिपणीवर माझी सही आहे. त्याच आठवड्यात माझ्याच मेजावर दोन गावांचे टँकरसाठीचे अर्ज होते. तेही मंजूर झाले, पण नंतर. कोणी मला जाब विचारला नाही. वरिष्ठांनी हिरवळीकडे पाहिले असेल असेही मला वाटत नाही. ते रात्री उशिरा आले आणि पहाटे गेले.

आपल्या वाड्यांत ही हौस नव्हती. रामबागेत आमच्या आजीच्या परसात न्हाणीचे पाणी पन्हळीने थेट कर्दळी, अळू आणि केळीला जाई. वेगळे पाणी फक्त तुळशीला, तेही तांब्याभर. कुंपणाला पिवळी कोरांटी, कोपऱ्यात कण्हेर (विषारी म्हणून मुलांना हात लावायची बंदी), दारात सदाफुली, मांडवावर गोकर्ण. मोगऱ्याचे पाणी थंडीत मुद्दाम तोडायचे, म्हणजे उन्हाळ्यात तो भरभरून फुलतो, हे तिला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते. ह्यात स्वदेशीचा सोस नाही, हेही सांगतो. सदाफुली मादागास्करची, गुलबक्षी अमेरिकेची. झाड कुठून आले ह्याला महत्त्व नाही. आपल्या कोरड्यातून आणि आपल्या चिखलातून, दोन्हींतून ते पार पडते की नाही, एवढेच विचारायचे. सदाफुलीलाही साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून आजी तिला ओट्याच्या चिऱ्यालगत उंचावर लावी.

त्याहून शहाणी झाडे म्हणजे जी उन्हाळ्यात सरळ झोपी जातात. कळलावीचा कंद थंडीत वरची वेल टाकून देतो, मेपर्यंत तिथे काही होते ह्याची खूणही नसते, आणि पहिल्या पावसानंतर कोंब वर येतो. श्रावण-भाद्रपदात तिच्या ज्वालांसारख्या फुलांपुढे कोणत्या ताटव्याची मिजास चालेल? (कंद मात्र अत्यंत विषारी, जपून.) शतावरीही मुळांत पाणी साठवून तग धरते. भुईचाफा तर कोरड्या जमिनीतून आधी फूल काढतो आणि पाने मागून. ह्यांना अवर्षण सोसावे लागत नाही, ती त्यातून बाजूला होतात. पण अशी बाग लावायची तर चार महिने उघडी माती पाहण्याची तयारी हवी. कंत्राटदाराच्या पुस्तकात उघड्या मातीचे चित्र नसते, आणि आपल्यालाही ती पाहुण्यांसमोर दाखवायची लाज वाटते.

हिरवळीने घर थंड राहते, असाही एक मुद्दा सभेत निघाला. खरे आहे. कडुनिंबाच्या सावलीनेही राहते, आणि एकदा मूळ धरले की त्याला कोणी पाणी घालत नाही. आमच्या उद्यानातला निंब हिरवळीवर पाने पडतात म्हणून दोन वर्षांपूर्वी तोडला गेला. त्या ठरावाला मी हजर होतो आणि गप्प बसलो होतो.

पुढची सभा श्रावणात आहे. उद्यानाचा उताराकडचा निम्मा भाग हिरवळीतून काढावा, तिथे दोन निंब आणि कडेने कोरांटी लावावी, आणि वसाहतीच्या टाकीचे वाहून जाणारे पाणी तिकडे वळवावे, असा लेखी प्रस्ताव मी दिला आहे. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही. कोरांटी फांदीने पावसाळ्यात सहज लागते. माझ्याकडे ती पुष्कळ आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी रविवारी सकाळी वाचनालयात यावे, मी ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन येईन.