डुलकी चालकाची, पण घड्याळ कुणाचं?

"चालकाला डुलकी लागल्याने भीषण अपघात." वीस वर्षांत ही ओळ मी किती वेळा लिहिली, मोजलेली नाही. पोलीस ठाण्यातून फोनवर तेवढंच सांगतात, आपण तेवढंच छापतो. दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी.

मागच्या गळीत हंगामात बायपासवर ट्रक उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीजवळ उभा असलेला माणूस जागीच गेला. ट्रकचालक पाय मोडून सरकारी दवाखान्यात, दाराशी पोलीस. तो मला म्हणाला, "साहेब, सुरतेला दिवसभर माल भरायच्या लायनीत होतो. रात्री निघालो. दुसरा ड्रायव्हर नाही, क्लीनर नाही. धाब्यावर गाडी लावली की मालकाचा फोन, गाडी का थांबली?"

म्हणजे जीपीएसवर गाडी थांबलेली मालकाला दिसते. मग एकच माणूस रात्रभर स्टिअरिंगवर आहे, हे दिसत नाही? एफआयआरमध्ये नाव मात्र एकट्या चालकाचं. मालक आला तो विम्याच्या कागदांसाठी.

कायदा नव्हता असं म्हणू नका. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात लिहिलं होतं : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. लांब पल्ल्याला मंजुरी घेऊन फार तर १० तास. मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ याच तासांकडे बोट दाखवतं. आणि शब्द नीट वाचा : त्याहून जास्त काम करायला लावायचं नाही, आणि करूही द्यायचं नाही. त्यामुळे "मी कुठं सांगितलं होतं, तोच चालवत होता" ही पळवाट मालकाला ६० वर्षांपूर्वीच बंद झालेली आहे.

"ड्रायव्हरलाच घाई असते, फेरीवर पैसे मिळतात ना," असंही ऐकवतात. फेरीवर पैसे द्यायचं ठरवलं कुणी? दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार वाचवला कुणी?

एक मान्य. डिझेल, टोल, बँकेचा हप्ता यात एका गाडीचा मालकही पिचलाय. मग उशीर झाला म्हणून भाडं कापणाऱ्या व्यापाऱ्यालाही जबाबदार धरा. पण सगळ्यांचं ओझं झोप न झालेल्या माणसावर टाकू नका.

जानेवारी २०२४ आठवतो? धडक देऊन पळणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून ड्रायव्हरांनी संप केला. आपण पंपावर रांगा लावून टाक्या भरून घेतल्या. त्याला रात्रभर पळवणाऱ्याला किती वर्षं, हे मी तरी तेव्हा कुणाला विचारलं नाही.

आता विचारतो. ट्रकच्या प्रत्येक जीवघेण्या अपघातात पोलिसांनी मागच्या ४८ तासांचा फास्टॅग आणि जीपीएसचा रेकॉर्ड ताब्यात घ्यावा. मालकाचे कॉल तपासावेत. तास जास्त निघाले, तर मालकही आरोपी.

माझ्यापुरतं सांगतो. यापुढे 'डुलकी' लिहीन तेव्हा खाली दोन गोष्टी असतील : चालक किती तास जागा होता, आणि गाडी कुणाची. बरेच गाडीमालक माझ्या ओळखीचे आहेत, काहींच्या जाहिराती आमच्या पेपरला असतात. राग येईल. येऊ द्या.

ड्रायव्हर बांधवांनो, सलग किती तास चालवता ते कॉमेंटमध्ये लिहा. नाव नाही लिहिलंत तरी चालेल.