ट्रॅक्टरच्या नोटेनं कोणी लखपती होत नाही!

‘तुमच्याकडे ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट आहे? मग घरबसल्या लखपती व्हा!’ हे रील बघितलं नाही असा कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी आपल्या जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. कधी ट्रॅक्टरची नोट, कधी नंबरात ७८६ असलेली नोट, कधी वैष्णोदेवीचं नाणं. खाली एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर. फोटो पाठवला की पाच मिनिटांत उत्तर येतं : ‘सर, तुमच्या नोटेचे साडेतीन लाख फायनल झालेत.’ आणि मग खरी गोष्ट सुरू होते. आधी नोंदणीची फी, मग जीएसटी, मग ‘आरबीआयचं क्लिअरन्स’, मग कुरिअरचा विमा. साडेतीन लाख काही येत नाहीत; आपलेच पाच-दहा हजार जातात.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणाकडूनही फी किंवा कमिशन मागत नाही आणि असं काही मागायचा अधिकार तिनं कोणाला दिलेलाही नाही. इतकं साफ सांगूनही रील चालूच आहेत. कारण साधं आहे. ट्रॅक्टरची नोट जवळपास प्रत्येक घरात सापडते, म्हणजे गिऱ्हाईकही प्रत्येक घरात आहे.

यावर घरातल्या मोठ्यांचा सल्ला ठरलेला : ‘ऑनलाइनच्या नादी लागूच नको.’ मला हा सल्ला पटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. नोटा, नाणी, तिकिटं, पिना, बॅजेस यांचा छंद जरूर करा, ऑनलाइनच करा, पण विकण्याच्या आधी अदलाबदल करायला शिका. ज्याला अदलाबदल जमते, त्याला फसवणं अवघड जातं.

छंद आपल्या मातीतलाच

धाराशिव जिल्ह्यात राहून ‘कलेक्शन म्हणजे पुण्या-मुंबईचं फॅड’ असं म्हणणं बरोबर नाही. आपलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासग्रंथात या बाजारपेठेचं नाव आहे. इथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचा. त्याच तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तू आज तिथल्या सरकारी संग्रहालयात बघायला मिळतात. एका गावातल्या माणसाच्या संग्रहातून संग्रहालय उभं राहू शकतं, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे.

बरं, तेरपर्यंत जायचं नसेल तर आजीची ट्रंक उघडा. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचं स्वतःचं चलन होतं, ‘हाली सिक्का’. इंग्रजांच्या रुपयाला जुनी माणसं ‘कलदार’ म्हणायची आणि साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार असा हिशेब असायचा. ज्याच्या नावावरून जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत होते, त्या मीर उस्मान अली खानच्या नाण्यांवर चारमिनार आहे. नीट बघितलं तर चारमिनारच्या कमानीत त्याच्या नावातलं पहिलं उर्दू अक्षर, ‘ऐन’ही दिसतं. जिल्ह्याचं नाव बदललं, नाणं मात्र अजून ट्रंकेत आहे.

अडचण एकच. आपल्याकडे नाण्यांचा क्लब नाही की दर महिन्याला भरणारं प्रदर्शन नाही. उमरग्याच्या किंवा कळंबच्या पोरानं डबल आलेलं नाणं बदलायला जायचं कुठे? त्याचा क्लब म्हणजे त्याचा मोबाइल. त्यामुळे ‘ऑनलाइन नको’ म्हणणं म्हणजे त्याला ‘छंदच नको’ म्हणणं.

अदलाबदल आधी का?

ऑलिम्पिकमध्ये पिना बदलण्याची मोठी परंपरा आहे. खेळाडू आपल्या देशाची पिन देतात, दुसऱ्या देशाची घेतात. तिथं समोरासमोर व्यवहार होतो. वस्तू हातात, माणूस डोळ्यांसमोर. ऑनलाइन व्यवहारात या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणून विश्वास दुसऱ्या मार्गानं कमवावा लागतो.

अदलाबदलीचा फायदा हा, की तिथं दोघांनाही वस्तू कळावी लागते. मला तुझं हैदराबाद टांकसाळीचं नाणं हवं असेल, तर मला माहीत असतं की सालाच्या खाली तारा असला की ते हैदराबादचं, चौकट किंवा हिरा असला की मुंबईचं, ठिपका असला की नोएडाचं आणि काहीच नसलं की कोलकात्याचं. समोरच्यालाही हे माहीत असतं. बोलणं वस्तूवर होतं. ठगाला वस्तूवर बोलताच येत नाही. तो फक्त रकमेवर बोलतो. ‘सालाखाली कुठली खूण आहे ते जवळून दाखव’ एवढं विचारलं, तरी तो विषय बदलतो. ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे.

दुसरं म्हणजे, अदलाबदलीत स्वप्न लहान असतं. एक डबल नाणं देऊन एक नवं नाणं घ्यायचं. लाखाचं आमिष नसलं की डोकं ठिकाणावर राहतं.

आता कामाचं बोलू

पहिलं, नुसत्या फोटोवर जाऊ नका. फोटो कोणाचाही उचलता येतो. एका चिठ्ठीवर समोरच्याचं नाव आणि आजची तारीख लिहून ती वस्तूशेजारी ठेवून छोटा व्हिडिओ मागा. नाणं असेल तर दोन्ही बाजू आणि कड, पिन असेल तर मागची बाजूही. आणि तुम्हीही न मागता असाच व्हिडिओ द्या.

दुसरं, वस्तूचा अभ्यास करा. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं, राम-सीता किंवा हनुमानाचं नाणं ‘दुर्मीळ’ म्हणून फिरत असतं. कंपनीनं असं चलनी नाणं कधी काढलंच नव्हतं. ते नंतर कोणीतरी बनवलेले टोकन असतात. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा. सोनाराचा छोटा काटा आणि साधं लोहचुंबक एवढ्यावरच बरीच बनवेगिरी उघडी पडते. चांदी चुंबकाला चिकटत नाही.

तिसरं, पहिला व्यवहार लहान ठेवा. गेलं तरी झोप उडणार नाही एवढ्याच किमतीचा. समोरच्यानं आधी कोणाकोणाशी अदलाबदल केली आहे ते विचारा आणि त्यातल्या दोघांना स्वतः मेसेज करा. छंदाच्या जगात एक रिवाज आहे : जो नवा, तो आधी पाठवतो. हे खरं असलं, तरी समोरचा खरंच जुना आहे का, हे बघणं तुमच्या हातात आहे. दोघंही नवे असाल तर एकाच दिवशी पोस्टात जा आणि ट्रॅकिंग नंबर एकमेकांना द्या. जास्त किमतीची वस्तू असेल, तर दोघांच्या ओळखीच्या तिसऱ्या माणसाकडे दोन्ही पाकिटं जाऊ द्या.

चौथं, पाकीट. नाणं लिफाफ्यात सुटं टाकू नका, ते कागद फाडून बाहेर येतं. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटपट्टीनं बसवा; मात्र चिकटपट्टी नाण्याला लागता कामा नये. पोस्टाच्या खिडकीवर आत काय आहे ते खरं सांगा आणि विम्याचं विचारून घ्या. पाकीट बंद करताना आणि आलेलं उघडताना व्हिडिओ काढा. भांडण झालंच तर तोच साक्षीदार.

पाचवं, पैसे. जिथं फरकाची रक्कम द्यायची-घ्यायची असते, तिथं एक गोष्ट पाठ करून ठेवा : यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणणारा चोरच असतो. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये आकडा दिसला तरच पैसे आले.

सहावं, पत्ता. विशेषतः मुलींनी घराचा पत्ता अनोळखी माणसाला देऊ नये. घरातल्या मोठ्या माणसाच्या दुकानाचा किंवा ऑफिसचा पत्ता त्यांना विचारून वापरा. आणि अख्ख्या कलेक्शनचं रील टाकताना मागं घराची पाटी, गल्ली, कपाट दिसत नाही ना ते बघा. चांदीचे रुपये आहेत हे गावाला सांगायचं आणि ते कुठल्या कपाटात आहेत हेही सांगायचं, हा कुठला शहाणपणा?

सातवं आपल्यासाठी. नाण्यावर ओरखडा असेल, नोटेला पिनचं भोक असेल, तर ते आधी सांगा. आणि जुनं नाणं चिंच किंवा पितांबरीनं घासून चकाचक करू नका. संग्राहकाच्या लेखी अशा नाण्याची किंमत वाढत नाही, उतरते. घासलेलं असेल तर तसं स्पष्ट सांगा. सेफ ट्रेडिंग म्हणजे फक्त मी फसू नये एवढंच नाही. माझ्यामुळे कोणी फसू नये, हेही त्यात येतं.

हे मात्र बदलायचं नाही

आता थोडं कडू बोलतो. तेरसारख्या गावांच्या परिसरात नांगरताना, पाया खणताना कधी मणी, कधी नाणं वर येतं. ‘सातवाहन कॉइन, डीएम फॉर प्राइस’ अशी पोस्ट टाकायचा मोह होऊ शकतो. असं करू नका. भारतीय निखात निधी कायदा १८७८ पासून आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. लपवली तर तो गुन्हा ठरतो. सरकारनं ती वस्तू घेतली तर मोबदल्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. त्यामुळे परदेशातल्या एखाद्या संग्राहकानं इन्स्टावर गोड बोलून जुनं नाणं मागितलं, तर उत्तर ‘नाही’ हेच.

कोणी म्हणेल, ‘आमच्या शेतात सापडलं, आमचं झालं.’ भावना कळते. वर्षभर राबून हातात काही न पडणाऱ्या घराला चार पैसे मिळत असतील, तर नको कोण म्हणेल? पण नाण्याची अर्धी गोष्ट ते कुठं, किती खोल, कशाबरोबर सापडलं यात असते. ते पाकिटात घालून परगावी गेलं की ती गोष्ट कायमची गेली. आपल्या गावाचा इतिहास लिहायला पुरावा लागतो आणि तो आपणच कुरिअर करून टाकायचा?

फसलात तर गप्प बसू नका

एवढं करूनही कोणी फसू शकतं. अशा वेळी पहिला तास महत्त्वाचा. १९३० वर लगेच फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा. चॅट डिलीट करू नका. नंबर, यूपीआय आयडी, स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

इथं एक शब्द आई-वडिलांसाठीही, कारण ही पुरवणी घरात तेही वाचतात. पोरं पोलिसांपेक्षा ‘तरी आम्ही सांगितलंच होतं’ या वाक्याला जास्त घाबरतात. त्या भीतीनं दोन दिवस गप्प राहतात आणि तेवढ्यात पैसे चार खाती फिरून गायब होतात. रागवायचं असेल तर तक्रार नोंदवून झाल्यावर रागवा.

आणि कॉलेजांना एक मागणी. आपल्याकडे इतिहासाचे विभाग आहेत, रिकामे तास आहेत, कट्टे तर आहेतच. महिन्यातून एक दुपार अदलाबदलीचं टेबल लावायला खर्च शून्य. दोन बाक, एक भिंग, एक वजनकाटा आणि हाली सिक्क्याबद्दल सांगू शकणारे कोणाचे तरी आजोबा. समोरासमोर चार वेळा वस्तू बदललेल्या पोराला ऑनलाइन कोणी गंडवायला आलं, तर त्याला लगेच वास येईल.

तोपर्यंत ट्रॅक्टरची ती पाच रुपयांची नोट खिशातच राहू द्या. ती आजही चालते, पाच रुपयांना.