आटवलेला कोला

अमेरिकेच्या दक्षिणेत कोला नुसता पीत नाहीत, आटवतातही. 1885 साली टेक्सासमधल्या वेको गावी चार्ल्स अल्डर्टन या औषधविक्रेत्याने डॉक्टर पेपर बनवलं. पुढच्याच वर्षी अटलांटात जॉन पेम्बर्टनने कोका-कोला. औषधवाल्यांच्या हातची ही पेयं पुढे मांस भाजणाऱ्यांच्या पातेल्यात जाऊन पडली, आणि तिथे शोभलीही. कोकच्या 355 मिलिलीटरच्या अमेरिकन कॅनमध्ये 39 ग्रॅम साखर असते, वर फॉस्फोरिक आम्लाचा आंबटपणा. म्हणजे बार्बेक्यू सॉसची निम्मी तयारी कारखान्यातच झालेली. परतलेल्या कांदा-लसणावर कोला ओतायचा, टोमॅटो केचप, व्हिनेगर, वुस्टरशायर सॉस आणि स्मोक्ड पाप्रिका घालायची आणि मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत राहायचं. बुडबुडे पहिल्या उकळीलाच उडून जातात (त्यांनी सॉस हलका होतो वगैरे थापा आहेत), पाणी आटतं आणि मिश्रण चमच्याला धरू लागतं. डाएट कोला मात्र दगा देतो: साखरच नाही, तर दाटपणा कुठून येणार? शिवाय अ‍ॅस्पार्टेमचा गोडवा उष्णतेने घटतो. पूर्व नॉर्थ कॅरोलिनातल्या व्हिनेगर-मिरचीच्या कट्टर भक्तांना हा प्रकार मानवायचा नाही. गोड, दाट सॉस हे कॅन्सस सिटीचं घराणं. करून बघणाऱ्यांनी एवढं सांभाळावं: सॉस सुरुवातीलाच फासू नये, साखर करपून कडू होते. मांस शिजत आल्यावर, शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांतच ब्रश हाती घ्यावा.